आधी पडले की आधी मोडलं?

"कशा पडलात?" असं मला अजूनही लोक विचारतात. मी सांगते, "शेळीमुळे." लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही.

शेजाऱ्यांची शेळी कुंपणातून आत शिरून माझ्या वालाच्या वेलाला लागली होती. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवलं, उठले, तिला हुसकायला एक पायरी उतरले आणि पुढच्या क्षणी अंगणात आडवी. मधे काय झालं? पाय घसरला म्हणावं तर पायरी कोरडी ठणठणीत होती. ठेच लागली म्हणावं तर वाटेत काही नव्हतं. मला एवढंच आठवतं की ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो मी जमिनीला टेकायच्या आधी ऐकला. निदान मला तसं वाटतं.

लाडकी नावाची वारली बाई आमच्याकडे भांडी घासायला यायची. ती मागच्या दारातून धावत आली. मी म्हटलं, "हात दे गं, उठते." तिने हात दिला, मी जोर केला आणि माझ्या तोंडून जे ओरडणं निघालं ते ऐकून शेळीसुद्धा पळाली. लाडकीने माझा हात सोडला आणि पायाकडे बोट दाखवलं.

"बाय, पाय बघ तुजा. तो तिकडंच बघतो."

खरंच. डावं पाऊल आभाळाकडे होतं आणि उजवं बाहेरच्या अंगाला पार कलंडलेलं, जणू दुसऱ्याच कुणाचं आणून ठेवलंय. उजवी टाचही डावीपेक्षा वर ओढली गेली होती. पाय आखूड कसा झाला, हा विचार मी करत राहिले. कळ इतकी होती की दुसरा कसलाही विचार करून चालणार नव्हतं.

माझी तेव्हा साठी उलटली होती. सारं आयुष्य मी कोकणात प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवलं. यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा शरद सरकारी नोकरीत लागला आणि त्याची बदली सिल्वासाला झाली. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती, नवा कारभार बसत होता आणि मुंबई-कोकणाकडची बरीच माणसं कचेऱ्यांत आणि शाळांत येत होती. मी निवृत्त होऊन मुलाकडे आले. घरात तो, सून सुलभा, दोन वर्षांची नात छकुली आणि मी.

शरद कचेरीतून आला तो दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टर सुरतेकडचे, तरुण, मराठी बोलताना मधेच गुजरातीत शिरणारे. त्यांनी पायाला हातही लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

"माजी, आता जरा पण हलायचं नाय. खुबानो हाड गयो लागे छे. फोटो काढायला वलसाडला जावा लागेल."

शरदने न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर गोधडी घातली आणि मला त्या दारावर निजवून कचेरीच्या जीपमध्ये सरकवलं. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मी एकेका जुन्या विद्यार्थ्याचं नाव घेत होते. वलसाड येईपर्यंत माझे वर्गच्या वर्ग संपले.

*

वलसाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाची फिल्म खिडकीशी धरली आणि शरदला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, "पाय माझा आहे. मलाही दाखवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी फिल्म माझ्यासमोर धरली. मांडीचं हाड वर जाऊन आतल्या बाजूला वळतं आणि त्याच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत बसतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. साठ वर्षं त्याच्या जिवावर चालले आणि त्याची चौकशी कधी केली नव्हती. माझा गोळा वाटीत जागच्या जागी होता. पण देठाशी मोडलेल्या फळासारखा तो एकटा पडला होता, आणि खालचं हाड वर सरकून आलं होतं. पाय आखूड का झाला याचं उत्तर मिळालं. उत्तर मिळाल्यावर, सांगायला चमत्कारिक वाटतं, पण मला थोडं बरं वाटलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: त्या गोळ्याला रक्त मिळतं ते बहुतेक त्या देठाकडून. देठ मोडला की गोळा उपाशी. तरुणपणी कधी जुळतो, या वयात जुळेलच असं नाही. एक उपाय म्हणजे पायाला वजन बांधून महिनोन्महिने पडून राहायचं. दुसरा मुंबईला: मोडका गोळा काढून टाकतात आणि तिथे धातूचा बसवतात.

"धातूचा?" शरद म्हणाला. "म्हणजे अंगात लोखंड घालायचं?"

तो पांढराफटक पडला होता. शरद लहानपणापासून माझ्यासारखा नाही, बापासारखा आहे. घाबरला की ठाम होतो. "आई, या वयात चिरफाड नको. आपण घरी जाऊ. तू पडून राहा, आम्ही आहोत ना."

पडून राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंचा खुबा असाच मोडला होता. माजघरातल्या बाजेवर त्या पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांचं सगळं मी केलं. पाठीला जखमा झाल्या, त्या धुतल्या. आधी त्या विचारायच्या, आज काय वार, कोण आलं, नारळ उतरवले का. मग एकेक प्रश्न कमी होत गेला. शेवटी शेवटी त्या काहीच विचारत नसत, आणि मला वाटतं त्या खऱ्या तेव्हाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुलभा आली. शरद चहा आणायला बाहेर गेला तशी ती माझ्या खाटेच्या कडेला टेकली. तिला काही तरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती.

"आई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही पडून राहिलात तर मी सगळं करीन. खरंच करीन. पण मला जमेल का, ठाऊक नाही. छकुली खाली उतरत नाही. आणि मला..." ती थांबली. "मला पुन्हा दिवस गेलेत. ह्यांनासुद्धा अजून सांगितलं नाही."

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू? मी अशी पडलेली, आणि ही स्वतःचं सांगतेय. तोंड भिंतीकडे वळवलं. ती रडत होती, आवाज न करता. मग मला माजघरातली ती बाज आठवली, आणि तेव्हा मी सासूबाईंना जे एका शब्दाने बोलले नव्हते ते या मुलीने माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी तिचा हात शोधला.

"शरदला सांग," मी म्हटलं. "दिवस गेल्याचंही आणि मी मुंबईला जाणार आहे हेही."

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा मी विचारलं, "तो गोळा कसा असतो हो? बघायला मिळेल?"

"अहीं नथी, माजी," ते हसून म्हणाले. "मुंबईला बघा."

मी धीराची म्हणून गेले असं कुणी समजू नये. मला त्या गोळ्याची भीती वाटत होती आणि तो बघायचाही होता. दोन्हींत बघायचं थोडं जास्त होतं, इतकंच.

*

रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून, चिकूच्या करंड्यांशेजारी आडवी पडून मी मुंबईला पोचले. इस्पितळ मोठं, बायकांचा वॉर्ड लांबलचक. माझ्या पायाला पट्ट्या गुंडाळून त्यांना दोरी, दोरी कप्पीवरून, आणि दोरीच्या टोकाला चक्क विटा बांधल्या. विहिरीवरची कप्पी मी जन्मभर पाहिली होती. आपण स्वतः पोहऱ्याच्या जागी असू असं वाटलं नव्हतं. पण विटा बांधल्याबरोबर पायातले पेटके थांबले. ते का, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. शेवटी सिस्टर मोनिकाने सांगितलं की मोडल्या जागी स्नायू आखडून हाड ओढत असतात, वजन त्यांना दमवतं.

सिस्टर मोनिका वसईची. जाडजूड, मोठ्या आवाजाची. पहाटे अंधारात तिची पावलं वाजली की वॉर्ड जागा व्हायचा. तोंड धुवायचं तबक, थर्मामीटर, मग खाटेवरच शौचाला घ्यायचं ते भांडं. त्या भांड्याबद्दल लिहू की नको असा मी बराच विचार केला. लिहिते, कारण ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना आधी कुणीच सांगत नाही. दुखण्यापेक्षा मला त्या भांड्याने जास्त रडवलं. पहिल्या दिवशी मी दातांवर दात दाबून नाही म्हणत राहिले. सिस्टर पडदा ओढून म्हणाली, "बाई, तुम्ही शाळेत पोरांची शेंबडी नाकं पुसली ना? तेव्हा त्यांना लाज वाटली का? मग?" तिने मला उचललं ते इतक्या बेताने की कळ आली नाही. आणि नंतर, कुणी न सांगता, तिने माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घातली. त्या वेणीने माझं माणूसपण मला परत मिळालं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर आले. मी त्यांना म्हटलं, "उद्या माझ्या अंगात जे घालणार ते आज मला दाखवा."

त्यांच्याबरोबरचे शिकाऊ डॉक्टर हसले. ते स्वतः हसले नाहीत. त्यांनी एकाला पाठवलं आणि तो एक वस्तू फडक्यात घेऊन आला. आमटीची पळी उलटी धरावी तशी. वर चकचकीत गोळा, खाली बाकदार दांडा, आणि दांड्याला दोन खिडक्या. हातात घेतली तर वाटली त्यापेक्षा जड आणि गार. गोळ्यात माझं तोंड दिसत होतं, नाक एवढं मोठं.

"गंजणार नाही?"

"नाही. गंजत नाही असाच धातू आहे."

"आणि या खिडक्या कशाला?"

"दांडा तुमच्या हाडाच्या पोकळीत ठोकून बसवायचा. मग हाड हळूहळू त्या खिडक्यांतून वाढतं आणि त्याला धरून ठेवतं."

"माझं हाड? या वयात?"

"या वयातही. हाड जिवंत असतं, आजी."

हे मला माहीत नव्हतं. हाड म्हणजे घराचा वासा असं मी समजत होते.

"आणि माझ्याच मापाचा गोळा मिळेल कशावरून?"

"तुमचा काढला की तो मोजायचा, आणि तेवढ्याच मापाचा घालायचा. कासार बांगडी भरतो तसं."

मग मी तो जुना प्रश्न काढला. "डॉक्टर, मी आधी पडले की आधी हाड मोडलं?"

ते खाटेच्या कडेला बसले. "पुष्कळ जण विचारतच नाहीत हे. हाड आतून विरविरीत झालं असेल तर नुसतं पाऊल वळल्यानेही मोडू शकतं, आणि मोडलं म्हणून माणूस पडतं. तुमचं कसं झालं ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

शेळीवर मी उगाच आळ घेतला असेल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

*

पाठीत सुई देऊन त्यांनी माझं कमरेखालचं अंग बधिर केलं. मी जागी होते. मधे हिरवा पडदा. डोक्याशी भूल देणारे डॉक्टर बसले होते, त्यांचे फक्त डोळे दिसत होते. पडद्यापलीकडे माझ्या अंगाशी काय चाललंय ते मला आवाजावरूनच कळत होतं. आधी कुजबुज, चिमट्यांचा खणखणाट. मग करवत. आमच्या गावच्या सुताराकडे ऐकली होती तशीच करवत, फक्त बारीक. दुखत काहीच नव्हतं. एखाद्या दुसऱ्याच बाईचं काम चाललंय आणि आपण शेजारच्या खोलीत बसलोय, असं वाटत होतं.

"झालं का काढून?" मी विचारलं.

मग मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, "झालं. बघायचंय?"

एका चिमट्यात धरलेला तो गोळा पडद्यावरून वर आला. मोठ्या लिंबाएवढा. वरून गुळगुळीत, जुन्या हस्तिदंताच्या रंगाचा, ओला. त्यांनी तो फिरवला. मोडलेल्या बाजूने तो जाळीजाळीचा होता, आमच्या घावनासारखा. मी त्याच्याकडे बघत राहिले. आईच्या पोटात असल्यापासून तो माझ्याजवळ होता. आज पहिल्यांदा भेटला, तोही निघताना.

"याचं काय करणार?"

"विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू का? तुमची परवानगी असेल तर."

"ठेवा," मी म्हटलं. निवृत्त झाल्यावर माझा एवढासा तुकडा पुन्हा शाळेत रुजू झाला.

मग हातोडी सुरू झाली. प्रत्येक ठोक्याला माझं डोकं उशीवर हलत होतं. मला भीती वाटली ती तेव्हा. एवढ्या ठोक्यांनी उरलेलं हाडही फुटेल असं वाटलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि हातोडी थांबेपर्यंत तो काढला नाही. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही.

*

इथवर वाचून कुणाला वाटेल, या बाईला सगळी गंमतच वाटत होती. तसं नाही. शस्त्रक्रियेनंतर मला ताप आला आणि उतरेना. जखम ठणकत होती. दिवसातून कितीदा तरी पेनिसिलिनची सुई. डॉक्टर पट्टी सोडून बघायचे, आपसांत इंग्रजीत बोलायचे आणि माझ्याकडे न बघता जायचे. शरद खाटेशी बसून असायचा. "तुला सांगितलं होतं," असं तो एकदाही म्हणाला नाही. पण त्याच्या गप्प बसण्यात ते मला ऐकू यायचं. एकदा मीच म्हटलं, "चुकलं का रे माझं?" तो उठून व्हरांड्यात गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "पाणी पी," एवढंच बोलला.

त्या दिवसांत मला काही जाणून घ्यायचं नव्हतं. जखमेत काय आहे, कसली सुई देताहेत, बाहेर ऊन आहे की नाही, काही नाही. सुलभाची चिठ्ठी आली ती मी शरदला वाचूही दिली नाही. मी सासूबाईंच्या बाजेवर जाऊन पोचले होते.

मग एका दुपारी सिस्टर मोनिका जेवणाचं ताट घेऊन आली आणि मी तिला म्हटलं, "वसईला तुम्ही केळी सुकवता, ती उन्हात किती वेळ ठेवता हो?"

तिने ताट खाली ठेवलं. माझ्या कपाळाला हात लावला. मग व्हरांड्याकडे तोंड करून तिच्या त्या आवाजात ओरडली, "शरदराव, या! बाईंनी प्रश्न विचारला!"

ताप उतरला होता.

*

उभं राहण्याचा दिवस मला शस्त्रक्रियेपेक्षा कठीण गेला. दोन लाकडी दांड्यांच्या मधे मला उभं केलं. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "टाका भार." टाकायचा कसा? आत पळी आहे हे मी स्वतः पाहिलेलं. ती निसटेल, वाकेल, मांडीतून बाहेर येईल, सगळं डोळ्यांपुढे आलं. न पाहिलेलं बरं, असं तेव्हा वाटलं. मग मी डोळे मिटले आणि भार टाकला. पायाने तो घेतला. निमूटपणे, काही न बोलता. दुखलं, पण ते मांसाचं दुखणं होतं. खाली टणक काहीतरी होतं आणि ते माझं वजन उचलत होतं.

घरी आले ती नियमांचं ओझं घेऊनच. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर टेकायचं नाही, पायावर पाय नाही. आपलं सगळं जिणं जमिनीवरचं. पाटावर जेवायचं, खाली बसून भाजी चिरायची, आणि शौचाला तर बसावंच लागतं. शरदने एका सुताराकडून खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून घेतलं आणि खाली डबा ठेवायची सोय केली. खुर्ची आली त्या दिवशी मी तिच्यावर बसेना. डबा कोण उचलणार? सुलभाला तेव्हा सातवा महिना. आमची चांगलीच जुंपली. शेवटी शरद म्हणाला, "मी उचलीन. तू माझं केलंस तेव्हा मी भांडलो होतो का?" आणि कचेरीत जाण्याआधी, कोट घालण्याआधी, तो रोज ते काम करायचा. शेजारची माणसं बघायची. त्याने कधी आडोसा धरला नाही.

उजवा पाय थोडा आखूड राहिला. मोच्याकडून वहाणेचा तळ जाड करून घेतला. काठी लागते. थंडीत खुबा दुखतो. पण सुलभाच्या बाळंतपणात शेगडीशी स्टुलावर बसून डिंकाचे लाडू मी वळले.

*

हे लिहायला बसले ते आमलीच्या बामुळे. आमलीत एक किराणा दुकान आहे, त्या दुकानदाराची ही आई. वयाने माझ्याहून मोठी. ती पडली आणि खुबा मोडला. घरचे हाडवैद्याचे लेप लावत होते, मुंबईला न्यायला ती तयार नव्हती. कुणीतरी माझं नाव सांगितलं. दुकानदाराने बैलगाडी पाठवली.

बा आतल्या खोलीत खाटेवर होती. तिचंही पाऊल बाहेर कलंडलेलं. मी खुर्ची मागून घेतली आणि बसले. जे इथे लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं, करवत, हातोडी, ताप, भांडं, काही लपवलं नाही. मुलगा दारात उभा राहून अस्वस्थ होत होता. म्हातारी घाबरेल असं त्याला वाटत होतं. ती छताकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने मान वळवली.

"बेन, हुं बळी जाऊं पछी ए गोळानुं शुं थाय?"

मला जाळल्यावर त्या गोळ्याचं काय होणार? एवढ्या डॉक्टरांना एवढे प्रश्न विचारले, पण हा मला कधी सुचला नव्हता. मी खरंच विचार केला.

"राहील, बा. बाकी सगळी राख होईल. तो राखेत तसाच सापडेल, चकचकीत."

बाचं पोट हलायला लागलं. ती हसत होती, आणि हसताना दुखत होतं म्हणून कळवळत होती.

"तो तो वहूओ झगडशे," ती म्हणाली. म्हणजे सुना भांडतील त्याच्यावरून.

दारातला मुलगाही हसला. बाने डोळे पुसले आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"चाल जोऊं."

मी काठी घेऊन उठले. दारापासून खिडकीपर्यंत चालले. ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, पावलांकडे बघत होती, बाजारात गाय घेताना बघतात तसं.

"फरी."

मी पुन्हा चालले.

"लाकडी वगर."

काठी मी कधी सोडली नव्हती. मी ती तिच्या खाटेला टेकवून ठेवली. खिडकीपर्यंत जाताना लंगडत होते, वाकडी होत होते, पण गेले, वळले, आणि परत आले. बाने उशाखाली हात घालून जपमाळ काढली, ती मुठीत घट्ट धरली आणि दाराकडे बघून म्हणाली,

"रमणिक, गाडी मंगाव."